म्हैस घरच्याच माणसामागं पळते

माझ्या तोंडाकडं बघून लोक माझ्याशी हिंदीत बोलायला लागतात, आणि मी तोंड उघडलं की त्यांचीच हिंदी बंद पडते. माझी सगळी कर्मकहाणी एवढीच आहे. पण एवढ्यावर गप्प बसणं आमच्या मंगळवार पेठेत कुणालाच जमत नाही, त्यामुळं सविस्तर सांगते.

डोळे बारीक, नाक बसकं, गालाची हाडं वर आलेली. जन्म ईशान्येकडच्या डोंगरातला, गाव कुठलं ते देवाला ठाऊक. आबा फौजेत होते आणि त्यांची पलटण तिकडं होती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं, तेव्हा तिथल्या एका आश्रमातून आई-आबांनी मला रीतसर दत्तक घेतलं आणि आगगाडीत घालून कोल्हापुरात आणलं. पुढं आबा निवृत्त झाले आणि घरचा गोठा बघायला लागले. म्हणजे मी लहानाची मोठी झाले ती म्हशीच्या दुधावर आणि आजोबांच्या शिव्यांवर. कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, आणि मी तर त्यातली पक्की.

‘पावणं, नेपाळचं का?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतोच. मी म्हणते, ‘व्हय, नेपाळातल्या मंगळवार पेठेतनं आलोय.’ विचारणारा बिचारा मान डोलावतो. एकदा तर एकानं, तिकडं थंडी लई असंल न्हाय का, असंही विचारलं.

शाळेत दर स्नेहसंमेलनाला देशातल्या सगळ्या राज्यांचा नाच बसवायचे. बाकीच्या मुली एका वर्षी पंजाबी व्हायच्या, दुसऱ्या वर्षी गुजराती. माझ्या हातात मात्र कायम ईशान्येकडच्या नाचाचे बांबू. एकदा मी हट्टानं नऊवारी मागितली, तर बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, ‘अगं, मग बांबू कोण नाचवणार?’ त्यांचंही खरं होतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

आता मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, तपासायचं काम करते. मध्यंतरी तिथं जपानचे पाहुणे यायचे होते. मालकांनी गेटवर फेटेवाला उभा केला होता. मी नेहमीसारखी स्कूटरवरून आले, हेल्मेट काढलं, तर पहिला फेटा माझ्याच डोक्यावर. मी म्हटलं, ‘मामा, मी रोज येतो हितं कामाला.’ मामा भारावून म्हणाले, ‘मराठी लई भारी शिकलाय की मॅडम.’ तो फेटा मी उतरवलाच नाही, दिवसभर तसाच डोक्यावर ठेवून कास्टिंग तपासलं.

असल्या गोष्टींवर आमच्या घरात सगळे पोट धरून हसतात, मीही हसते. पण एका गोष्टीवर मला कधी हसू आलं नाही. ती गोष्ट म्हणजे आमची म्हैस.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीला धुवून, तिचे केस कातरून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा घालून नटवतात. मग मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर बसून हाळी देतो आणि म्हैस त्याच्या मागं पळत सुटते. दोरी नाही, काठी नाही. नुसत्या आवाजावर पळते, आणि तेही घरच्याच माणसाच्या आवाजावर. परका कितीही ओरडला तरी ती ढिम्म हलत नाही. ज्याची म्हैस पळाली त्याची पेठेत वर्षभर कॉलर ताठ. नाद खुळा प्रकार असतो तो.

आमची म्हैस आबा पळवायचे. आबांना ताप आला त्या वर्षी चुलतभावानं पळवली. तो राहतो पलीकडच्या गल्लीत आणि शेणाला हात लावत नाही. शेण मी काढते. पहाटे धार मी काढते आणि मग फाउंड्रीला जाते. म्हशीला अंघोळ मी घालते, तिच्या कानातल्या गोचड्या मी काढते. पण पाडवा आला की आबा म्हणणार, ‘तू बाजूला हो.’ लहानपणापासून हेच. आणि याचं कारण मी माझ्यापुरतं कधीच ठरवून टाकलं होतं. घरच्याच माणसामागं पळते ना म्हैस, मग चुलतभाऊ रक्ताचा आणि मी आणलेली. आबांना हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही. बाकी कुठं माझी जीभ अडली असेल तर शपथ.

दत्तक गेलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या माणसांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, जगभरातला. तिथं लोक मनातलं लांबलचक लिहितात. मी बहुतेक वेळा म्हशीचे फोटो टाकते. त्या फोटोंमुळंच माझी डेन्मार्कच्या एकीशी ओळख झाली. ती जन्मली आमच्या जिल्ह्यात, शाहूवाडीकडं कुठंतरी. तान्ही असतानाच इथल्या एका संस्थेतून तिकडं गेली आणि गोऱ्या आई-बापांच्या घरात वाढली. गेल्या दिवाळीला ती पहिल्यांदाच कोल्हापूर बघायला आली आणि आमच्याच घरी उतरली.

स्टँडवर मी तिला बघितलं आणि थक्क झाले. सावळा रंग, रुंद कपाळ, जाड वेणी. आत्ता वैरणीचा भारा उचलून चालायला लागेल अशी. आम्ही दोघी रिक्षात बसलो. रिक्षावाला मला म्हणाला, ‘मॅडम, कहाँ जाना है?’ आणि तिला म्हणाला, ‘ताई, पावणीला महाद्वार रोड दाखवला का?’

चार दिवस हाच तमाशा. दुकानात मी मराठीत विचारायचे आणि दुकानदार उत्तर तिला द्यायचा. ती माझ्याकडं बघायची, मी चिडायचे, दुकानदार गोंधळायचा. शेवटी मी तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: ‘मला मराठी येत न्हाय की.’ तिला ते इतकं झकास जमलं, की कुणाचा विश्वासच बसेना. घरी आबांना तिनं तेच ऐकवलं, तर आबा म्हणाले, ‘कोण म्हणतंय येत न्हाय? आत्ता बोललीस की.’ आणि त्यांनी तिला म्हशीच्या चाऱ्याचे वाढलेले दर पहिल्यापासून समजावून सांगितले.

मंडईत तिनं वांगी दाबून बघितली. भाजीवाल्या मावशी खवळल्या. ‘दाबू नगंस. कुणाची गं तू? तोंडात काय मूग धरलंयस?’ तिनं आपलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं. मावशी आणखी खवळल्या. ‘येत न्हाय म्हणजे? आईबापानं शिकिवलं न्हाय व्हय तुला?’ मी भाषांतर करून सांगितलं. ती तिथंच वांग्यांपुढं उभी राहून हसत सुटली. म्हणाली, ‘बाईंचा मुद्दा बरोबर आहे.’

संध्याकाळी आम्ही दुधाच्या कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळतं दूध पेल्यात देतात. ती आयुष्यभर दुधासाठी नावाजलेल्या देशात राहिली, पण दूध म्हशीच्या खालून थेट हातात येतं हे तिनं पहिल्यांदा बघितलं. पेला हातात धरून ती म्हणाली, ‘तिकडं मला सगळे विचारतात, तू खरी कुठली? इथं तसं कुणीच विचारत नाही. इथं विचारतात, तू बोलत का नाहीस?’

मी म्हटलं, ‘मला दोन्ही विचारतात. आधी कुठली, आणि मग एवढी का बोलतेस.’

मग ती वरच्या ओठाला लागलेला फेस पुसत म्हणाली, ‘आणि नशीबवान आहेस असं म्हणतात का?’

म्हणतात की. आमच्या नात्यातल्या बायका अजून माझी हनुवटी धरून म्हणतात, ‘नशीब काढलंस पोरी, न्हाईतर कुठं असतीस.’ त्याच बायका स्वतःच्या पोराला, जो बारावीला तीनदा बसला, त्याला कधी म्हणत नाहीत की नशीब काढलंस, आमच्या पोटी आलास. आम्हीच तेवढं आयुष्यभर आभारी राहायचं. आईबापाशी भांडतानाही आवाज जरा खाली ठेवायचा. मला आई-आबा जीव की प्राण आहेत, पण ते आभाराचं ओझं वेगळं आहे आणि ते आमच्या घरातल्या कुणी माझ्यावर टाकलेलं नाही, बाहेरच्यांनीच टाकलंय. हे मी तिला माझ्या फाउंड्रीतल्या इंग्रजीत सांगितलं. तिला सगळं कळलं. आम्ही आणखी एकेक पेला दूध प्यालो आणि रात्री दोघींचीही पोटं बिघडली.

दुसऱ्या दिवशी तिला शाहूवाडीकडं नेलं. भाताची कापणी चालली होती. ती बांधावर उभी राहिली आणि वाकलेल्या बायांकडं बघत राहिली. सगळ्यांची कपाळं तिच्यासारखी, हात तिच्यासारखे. तिचे डोळे भरून आले. मी जरा लांब थांबले, म्हटलं रडू दे बाईला. तेवढ्यात शेतातली एक म्हातारी ओरडली, ‘उभी काय ऱ्हायलीस भवाने, इळा घे की.’ मला काही बोलायला सवडच मिळाली नाही. हिनं विळा घेतला आणि वाकली. मी नारळपाणी पिऊन येईपर्यंत ती एक पट्टा कापून मोकळी झाली होती. दुपारी त्या बायांनी तिला भाकरी दिली आणि उद्या लवकर यायला सांगितलं. मला मात्र लांबून ‘मॅडम, फोटो निकालो, फोटो’ असं हिंदीत सांगण्यात आलं. परतताना हाताला आलेले फोड बघत ती वाटभर खूश होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबा म्हशीला धुताना पाय घसरून पडले. गुडघा असा सुजला, की गाडीवर बसायचं नावच नको. दुपारी सगळे गोठ्याच्या दारात बसलो होतो. मध्ये फराळाचं ताट. आबा खुर्चीत, पाय पाटावर. चुलतभावाला फोन करून झाला होता आणि तो सकाळी नवा गॉगल घालून येणार होता. मी चकली मोडत होते.

पाहुणी म्हणाली, ‘म्हशीचं सगळं तू करतेस. मग उद्या तू का नाही?’

मी म्हटलं, ‘सोड ना.’

ती म्हणाली, ‘नाही, विचार त्यांना. मी विचारतेय म्हणून सांग.’

आता पाहुणीचा शब्द कसा मोडायचा? मी भिंतीकडं बघत म्हटलं, ‘आबा, ही विचारत्या, मी का न्हाय म्हैस पळवायची?’ माझाच प्रश्न, इतक्या वर्षांचा, आणि तो मी दुसरीच्या नावावर विचारला. आबा आता काय बोलतील त्यावर मी या घरात कोण, ते ठरणार होतं.

आबांनी तिच्याकडं बघून सरळ मराठीत सांगायला सुरुवात केली. ‘हे बघ बाई, माझी थोरली बहीण होती. तिनं एक म्हैस आपल्या आवाजाला लावली. पाडव्याला अशी पळवायची, की सगळी पेठ बघायची. मग तिचं लगीन झालं. ती गेली पन्हाळ्याकडं, आणि म्हशीनं धार बंद केली. कासंला हात लावू देईना. बादल्या उडवायला लागली. शेवटी वडलांनी म्हैस तिच्या सासरी नेऊन घातली. लांबनं आवाज ऐकला तशी पळत गेली ती, मागं वळून बघितलं न्हाय. तिकडं दुधाचा धंदा वाढला आणि आम्ही वर्षभर दूध इकत घेऊन प्यालो. तवापासनं आमच्यात ठरलंय. लेकीच्या आवाजाला म्हैस लावायची न्हाय. लेक आज हाय, उद्या सासरी जाणार.’

मी म्हटलं, ‘एवढंच?’

‘एवढंच म्हणजे? म्हशीची किंमत ठाव हाय का तुला?’

‘रक्ताची न्हाय म्हणून न्हवं?’

आबा गोंधळले. ‘रक्त? डॉक्टर परवाच बघून गेलाय की म्हशीला. रक्त चांगलं हाय म्हणाला.’

पाहुणी माझा दंड हलवत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, चकली हातात तशीच राहिली एवढा आनंद झाला. इतकी वर्षं मी परकी म्हणून कुढत बसले आणि आबांच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. त्यांच्या लेखी मी नुसती लेक होते, सासरी जाऊन म्हशीचं वाटोळं करणारी. आणि हे नीट कळलं तसा दुसऱ्याच क्षणी मला असला संताप आला, की विचारू नका. म्हणजे माझ्यावर अन्याय झाला तो पेठेतल्या बाकीच्या पोरींवर होतो तोच, अगदी घरचा. मग भांडायला कुणाची भीती? आवाज खाली ठेवायचं काही कारणच उरलं नव्हतं.

मी ताडकन उठले. ‘मी मुलगी म्हणून? शेण काढायला मुलगी चालती, धारंला चालती, आणि मिरवायला तेवढा गॉगलवाला?’ आबा म्हणाले, रीत हाय. मी म्हटलं, रीत गेली खड्ड्यात. आबांनी आवाज चढवला, मी त्यांच्या वर चढवला. म्हैस वैरण खायची थांबून आमच्याकडं बघायला लागली. पाहुणी टेनिसचा सामना बघावा तशी मान फिरवत होती.

शेवटी आई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच आली. ‘कुठं चालल्या ही सासरी? मला तरी सांगा. आलेली स्थळं हिचं बोलणं ऐकून पळत्यात. म्हैस मागं पळंल न पळंल, स्थळं हिच्या म्होरं पळत्यात. पळवू द्या तिला.’

आबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, ‘गाडीला किक बसंल का तुला?’ आमच्या आबांचा होकार असाच असतो.

सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. आईनं पाहुणीला स्वतःची पैठणी नेसवली होती आणि ती आबांच्या खुर्चीशेजारी मालकिणीच्या थाटात उभी होती. मी गाडीवर. किक बसली, पुढचं मागचं काही ऐकू येईना, धुरानं डोळे चुरचुरायला लागले. थोडी पुढं गेले आणि आबांसारखी हाळी दिली. म्हैस जागची हलली नाही. पुन्हा दिली. ती रवंथ करत उभी. गर्दीतून एकजण ओरडला, ‘ओ नेपाळी ताई, हिंदीत बोला की म्हशीसंगं.’ लोक हसले. कोपऱ्यात चुलतभावानं गॉगल कपाळावर सरकवला. आबा खाली मान घालून पाटावरच्या पायाकडं बघत होते आणि मला वाटलं, संपलं, म्हशीनंच निकाल दिला.

मग माझं टाळकं सटकलं. गाडी बंद केली आणि रोज पहाटे धारेला आडवी आली की जे ओरडते तेच ओरडले. ‘ए भवाने, येत्यास का न्हाय? उशीर हुतोय मला फाउंड्रीला.’

म्हशीनं कान टवकारले आणि निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग मोरपिसं उधळत अशी सुटली, की मला किक मारायला वेळ पुरेना. आख्खा रस्ताभर मी तिला उशीर झाल्याबद्दल शिव्या घालत होते आणि ती मागं पळत होती.

परत आलो तर लाउडस्पीकरवरचा निवेदक रंगात आला होता. ‘आपल्या दिवाळीसाठी खास नेपाळहून आलेल्या पाहुण्यांचं स्वागत. आणि म्हशीच्या मालकीणबाईंनी दोन शब्द बोलावेत.’ त्यानं माइक पाहुणीपुढं धरला. ती गोड हसून म्हणाली, ‘मला मराठी येत न्हाय की.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबा खुर्ची धरून उठले, लंगडत गेले आणि त्यांनी माइक हिसकावला. ‘पावणी ती, पैठणीतली. गाडीवर हाय ती माझी लेक. लग्नाची हाय. कुणाच्या बघण्यात पोरगा असंल तर सांगा. म्हैस संगट देणार.’

पाच पेठांना ऐकू गेलं असेल ते. मी लाजेनं मेले, आबांना तिथंच चार गोष्टी सुनावल्या, आणि सुनावताना मला रडू येत होतं ते आनंदाचं होतं. म्हैस तिच्या मानानं शांत होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणीची बॅग भरून झाली होती, तेवढ्यात खरंच फोन आला. कराडकडचं स्थळ होतं. मुलगा इंजिनिअर, शेती, स्वतःचं घर, आणि लाउडस्पीकरवरचं सगळं मान्य. आई झारा टाकून फोनला कान लावून उभी राहिली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘हितनं किती लांब पडतंय?’

पलीकडून उत्तर आलं. आबांनी गोठ्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘न्हाय पावणं. म्हशीला एवढं लांब सोसायचं न्हाय.’

आई कपाळाला हात लावून आत गेली. आबा फोन खिशात घालून गुडघा चोळायला लागले आणि कुणाकडंच बघेनात. चार दिवस प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारणाऱ्या पाहुणीनं या वाक्याचा विचारला नाही. मी बादली उचलली आणि धार काढायला गेले.